कोतवाल बुकातली मुलगी

आजी 2023 च्या जानेवारीत गेली. दुसऱ्याच दिवशी तेरवीची पत्रिका छापायला टाकायची होती आणि तिवस्याच्या छापखान्यातून फोन आला की वय किती लिहायचे. आमच्या घरात त्या वेळी चाळीसेक माणसे होती, आणि त्यांतल्या एकालाही या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. मोठे बाबा म्हणाले, पंच्याऐंशी तरी असेल. आत्या म्हणाली, ऐंशीच्या आत. शेवटी बाबांनी आजीच्या लुगड्यांच्या पेटीतून आधार कार्ड काढले, त्यावर 1 जानेवारी 1946 ही तारीख होती आणि तिच्या हिशेबाने पत्रिकेवर सत्त्याहत्तर छापले गेले. तेरवीला आमच्या घराला लागून राहणाऱ्या म्हाताऱ्या शेजारणीने, जिला आम्ही लहानपणापासून बुढी माय म्हणतो, ती पत्रिका माझ्याकडून वाचून घेतली आणि थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "हे वय तिचं नोहे बाई. हे कोण्या दुसरीचं लिवलं तुमी."

त्या वाक्याने मला अनेक रात्री झोप लागू दिली नाही. ज्या बाईच्या मांडीवर मी वाढले, जिच्या हातची आंबाडीची भाजी आणि भाकर खाल्ल्यावाचून माझा एकही उन्हाळा गेला नाही, तिच्या मृत्यूनंतरच्या पहिल्याच कागदावर आम्ही चुकीची गोष्ट छापली होती. वर्षश्राद्धापर्यंत आजीचे आयुष्य जमेल तेवढे नीट शोधून लिहून काढायचे, असे मी तेव्हा ठरवले. त्या वर्षभरात मी जे केले, त्यात जिथे जिथे चुकले आणि जिथे अनपेक्षितपणे वाट सापडली, ते येथे लिहीत आहे.

सुरुवात कागदांपासून झाली, कारण कागद तसेही काढायचेच होते. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावी लागते, मुदतीत केली तर पहिला दाखला विनामूल्य मिळतो, आणि उशीर झाल्यास शुल्क व वरिष्ठांची परवानगी असे व्याप वाढत जातात. बाबांनी ते काम वेळेत केले. दाखल्यावर नाव अर्थातच आधार कार्डावरचे आले, सुमित्राबाई. त्यानंतर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज द्यायचा होता, कारण आबाजी, म्हणजे माझे आजोबा, गेल्यानंतर नदीकडच्या शेतातला दोन एकरांचा तुकडा आजीच्या नावावर आला होता. त्या निमित्ताने जुना फेरफार काढला. त्यात 1996 साली आबाजींचे वारस म्हणून तीन मुलगे, एक मुलगी आणि "पत्नी" अशी नोंद होती आणि पत्नीच्या पुढे आजीचे नाव होते. सातबाऱ्यावर आजीचे नाव येण्यासाठी आबाजींना जावे लागले, हे त्या कागदाकडे पाहताना माझ्या प्रथम लक्षात आले. चाळीस वर्षे त्या जमिनीत तिने निंदण केले, कापूस वेचला, तुरी सोंगल्या, आणि त्या चाळीस वर्षांत त्या शेताच्या कोणत्याही कागदावर तिचा मागमूस नव्हता.

हे तिच्या एकटीचे नव्हे. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी मतदारयाद्या तयार होत असताना देशभरात लाखो स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई अशीच ओळख दिली, आणि त्यामुळे सुमारे 28 लाख नावे यादीतून गळाली. हे मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत आणि विंध्य प्रदेश या राज्यांत घडले; आपला विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. आजी त्या वेळी लहान मुलगी होती, पण तिची आई त्या वयाची होती. पणजीचे नाव त्या यादीत लागले होते की गळाले होते, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

कागदांनंतर मी माणसांकडे वळले आणि तिथे पहिली मोठी चूक केली. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मोठे बाबा, बाबा, काका आणि आत्या या चौघांनाही मी एकत्र बसवले, मोबाईलवर ध्वनिमुद्रण सुरू केले आणि एक एक प्रश्न विचारू लागले. तिचा जन्म कधीचा? लग्न कधी झाले? माहेरी किती भावंडे होती? दोन तास चाललेल्या त्या बैठकीतून माझ्या हाती फारच थोडे लागले, कारण मोठ्या बाबांचा आवाज सर्वांत मोठा होता आणि त्यांनी एकदा सांगितले की इतर तिघे मान डोलवत. शिवाय "कधी" या प्रश्नाचे उत्तर कोणाहीजवळ नव्हते. त्यांना आई आठवत होती, आणि तीही विलक्षण बारकाईने. पहाटे चुलीसमोर बसून भाकरी थापताना तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्यांचा होणारा आवाज, वेचणीच्या दिवसांत कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस भरून बांधावर येताना तिची वाकलेली पाठ, 1972 च्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या लाल मिलोची कोणीही न खाल्लेली भाकर ती स्वतः पाण्यात भिजवून कशी खात असे, कापूस एकाधिकार खरेदीत विकल्यावर चुकारा मिळेपर्यंतच्या महिन्यांत ती दुकानदाराकडे स्वतः न जाता मुलांना कशी पाठवत असे, हे सगळे त्यांनी सांगितले. मात्र आई होण्यापूर्वीची, त्या घराबाहेरची बाई त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती. मुलांनी सांगितलेले खरे असते, पण ते चूल ते शेत एवढ्याच अंतरातले असते, हे मला त्या दिवशी कळले.

म्हणून मी बुढी मायकडे गेले. आता कोणाला आपल्या घरातल्या वृद्धेविषयी असे काही करायचे असेल, तर मी आधी हेच सांगेन की मुलांच्या आधी तिच्या बरोबरीच्या बायांकडे जावे, तेही लवकर जावे.

बुढी मायकडेही माझे पहिले दोन दिवस वाया गेले. ती प्रेमाने बसवून घेई, चहा देई, आणि आजीविषयी विचारले की "गुणाची होती बाप्पा" एवढेच म्हणे. तिसऱ्या दिवशी मी सहज विचारले की तुम्ही दोघी मिळून दळायच्या तेव्हा ओव्या म्हणायच्या का. ती म्हणाली की शेकड्यांनी म्हणायचो. मग एखादी सांगा, असे म्हटल्यावर ती बराच वेळ ओठ हलवत राहिली आणि शेवटी म्हणाली, "अशी नाई येत वो बाई. खुंटा हाती पाह्यजे."

आमच्या कोठ्यात, सरकीच्या पोत्यांमागे आजीचे जाते पडून होते. गावात पिठाची गिरणी आल्यावर धान्याचे दळण बंद झाले, तरी डाळ भरडण्यासाठी आजी ते पुष्कळ वर्षे वापरत होती. मी आणि काकांच्या मुलाने मिळून ते बाहेर काढले, धुतले. पाळूची घडण झिजून गुळगुळीत झाली होती, तेव्हा टाकी लावणाऱ्या माणसाचा शोध घेतला. पूर्वी गावोगाव फिरणारे हे लोक आता सहजी भेटत नाहीत, एक वृद्ध गृहस्थ तीन आठवड्यांनी आले आणि त्यांनी अंगणातल्या निंबाखाली बसून दुपारभर दगडावर टाकी चालवली. नवा खुंटा बाभळीचा केला. मार्चच्या शेवटी, नवी तूर घरात आलेली असताना, आम्ही ते जाते सपरीत मांडले आणि बुढी मायला बोलावले.

ती एका बाजूला बसली, मी दुसऱ्या बाजूला. खुंट्यावर आम्हा दोघींचे हात एकावर एक होते. पहिले चार-पाच फेरे नुसता दगडाचा आवाज येत राहिला. मग तिचे डोळे मिटले आणि तिने विठ्ठल-रुक्मिणीच्या दोन ओव्या म्हटल्या, मग भावाची एक, मग एक अशी म्हटली की माझा हात थांबला.

"नदीच्या काठाले, आंबा पाडाले ग आला,
बाप हाका मारे, ये वो माही पंचफुला."

पंचफुला कोण, असे मी विचारले. बुढी मायने डोळे उघडून माझ्याकडे असे पाहिले की मी काही तरी अजब बोलले आहे. "अवं, तेच तुही आजी. पंचफुला तिचं माहेरचं नाव. सुमित्रा तर तिले लग्नात ठेवलं."

मी त्या वेळी एकोणचाळीस वर्षांची होते. एवढ्या वर्षांत माझ्या आजीचे नाव पंचफुला आहे हे मला माहीत नव्हते. रात्री बाबांना विचारले, त्यांनाही माहीत नव्हते. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत आपल्याकडे सर्वत्र होती, याची मला कल्पना होती, पण ती रीत आपल्याच आजीला लागू झाली असेल असे माझ्या मनात कधी आले नव्हते. आत्याला मात्र ते नाव पुसटसे ठाऊक होते. मामांच्या घरी गेले की कोणी तरी आईला "पंचे" अशी हाक मारत असे, आणि ते लाडाचे काही तरी नाव असावे असे तिला वाटले होते.

त्या दुपारी आणि पुढच्या आठ दिवसांत बुढी मायने जवळजवळ सत्तर ओव्या म्हटल्या. त्यांतल्या बऱ्याच सगळ्या मुलखात चालणाऱ्या आहेत, पण अकरा ओव्या आजीने स्वतः जोडल्या होत्या, असे तिने निक्षून सांगितले. त्यांतली एक धरण झाल्यानंतरची आहे.

"माहेराच्या वाटे, निळ्या पाण्याचा पसारा,
तळाले निजला, माह्या बापाचा उंबरा."

आजीचे माहेर मोर्शी तालुक्यात वर्धा नदीच्या काठी होते. सिंभोऱ्याजवळ नदीवर अप्पर वर्धा धरण झाले, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीस जलाशयात पाणी अडले आणि ज्या गावांच्या जमिनी व घरे त्याखाली गेली त्यांत तिचे गाव होते. त्या जलाशयाला नल-दमयंती सागर असे सुंदर नाव आहे. आजूबाजूचे लोक तिथे सहलीला जातात, मीही महाविद्यालयात असताना मैत्रिणींबरोबर गेले होते आणि परत येऊन मोठ्या उत्साहाने आजीला पाण्याचे वर्णन सांगितले होते. तिने ते सगळे ऐकून घेतले होते. तिने तेव्हा मला काहीच म्हटले नाही, हे आठवले की आजही माझा जीव कासावीस होतो.

आजीचा धाकटा भाऊ, बाबांचे मामा, मोर्शीजवळच्या पुनर्वसित गावठाणात राहतात. एप्रिलमध्ये मी त्यांच्याकडे गेले. तोपर्यंत मी एक गोष्ट शिकले होते, ती म्हणजे कोणत्या साली असे विचारायचे नाही, त्या वेळी काय चालले होते असे विचारायचे. पीक कोणते होते, कोण कडेवर होते, कोण वारले होते, नदीला पूर आला होता का. असे विचारल्यावर मामांच्या तोंडून आपोआप वर्षे बाहेर पडू लागली, फक्त ती आकड्यांची वर्षे नव्हती.

त्यांच्या आईने त्यांना सांगितलेली एक गोष्ट अशी होती. "आष्टीत गोया चालल्या, त्या नागपंचमीले बाई रांगत होती. माय तिले काखेत घेऊन कोठ्यात लपली होती." आष्टी नदीच्या पलीकडे, वर्धा जिल्ह्यात. 1942 च्या आंदोलनात 16 ऑगस्टला तिथल्या पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, माणसे गेली, आणि पुढे त्या गावाला आष्टी (शहीद) हे नाव मिळाले. त्याच दिवशी चंद्रपूरकडे चिमूरलाही तसेच घडले. तो दिवस नागपंचमीचा होता. जे मूल 1942 च्या नागपंचमीला रांगत होते, ते 1941 च्या शेवटी जन्मलेले असणार.

लग्नाची गोष्टही अशीच उलगडली. मामा म्हणाले की गाडगे बाबा गेले त्या हिवाळ्यात सोयरीक झाली आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न. गाडगे बाबांचे निधन 20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या काठी झाले. आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या त्या पिढीला ती तारीख पाठ नसेल, पण तो हिवाळा पाठ होता. मग परत येऊन बुढी मायला विचारले, तर तिने वेगळ्याच बाजूने तेच सांगितले. आजी नवरी होऊन आली तेव्हा तिच्या ओटीत पडलेले पैसे या दोघींनी रात्री कंदिलाच्या उजेडात मोजले होते, त्यात जुने आणे होते आणि काही अगदी नवीन, चकचकीत, बारके पैसे होते, आणि सोळा आण्यांच्या रुपयात हे नवे पैसे कसे बसवायचे ते दोघींनाही उमगले नव्हते. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 पासून चलनात आली. म्हणजे लग्न 1957 च्या उन्हाळ्यातलेच. दोन वेगवेगळ्या गावांतली दोन माणसे, एकमेकांना न विचारता, एका उन्हाळ्यावर येऊन थांबली तेव्हा मला जो आनंद झाला तो मला शब्दांत सांगता येत नाही. आजी त्या वेळी पंधरा वर्षांची होती. आणि ती मरेपर्यंत भाजीचा हिशेब आण्यांतच का करत असे, याचाही उलगडा मला त्या रात्री झाला.

आत्याच्या जन्माचेही असेच झाले. तिच्या शाळेच्या दाखल्यावर 1 जुलै 1966 आहे. त्या काळी दाखल-खारीज रजिस्टरमध्ये गुरुजी अंदाजाने 1 जुलै टाकत असत, तसलीच ती तारीख. पण राष्ट्रसंत तुकडोजी महाराज गेले तेव्हा, म्हणजे 11 ऑक्टोबर 1968 रोजी, गावातल्या बाया गुरुकुंज मोझरीला पायी निघाल्या होत्या आणि आजी त्यांच्याबरोबर होती. तिच्या कडेवर वर्षाच्या आतले लेकरू होते आणि ते वाटभर रडत होते, हे बुढी मायला स्वच्छ आठवते. ते लेकरू म्हणजे आत्या. आजही दर वर्षी पुण्यतिथीला मोझरीला दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. आजी त्या वेळी जिथे असेल तिथे, शेतात असली तर शेतात, उभी राहून हात जोडत असे. आम्ही मुले तिच्याभोवती गप्प उभी राहत असू. त्या दिवशी कडेवर कोण होते हे तिने कधी सांगितले नाही.

जन्माचे वर्ष साधारण कळले तरी लेखी आधार हवा, असे मला वाटत होते. जातीच्या दाखल्यासाठी जुने पुरावे शोधणाऱ्या एका सहकाऱ्याने सांगितले की पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची जी नोंद ठेवत असे, ते कोतवाल बुक तहसीलच्या अभिलेख कक्षात असते आणि गावाचे नाव व वर्षे देऊन अर्ज केला तर नक्कल मिळू शकते. गाव पाण्याखाली गेले असले तरी त्याचे दप्तर बुडालेले नव्हते. मी 1936 ते 1946 या वर्षांसाठी अर्ज केला. पहिल्यांदा नोंद आढळत नाही असे तोंडी उत्तर मिळाले, कारण मी अर्जात मुलीचे नाव सुमित्रा लिहिले होते, मग पंचफुला असे दुरुस्त केले तरी उत्तर तेच. जूनमध्ये तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिथल्या एका वयस्कर लिपिकाने मला बसवून घेतले आणि समजावले की या बुकात लेकरांची नावे शोधू नका, नाव ठेवण्याआधीच नोंद होत असे, बापाचे नाव शोधा.

बापाच्या नावाने दोन नोंदी निघाल्या. एक फेब्रुवारी 1938 मधली, एक नोव्हेंबर 1941 मधली. दोन्हींमध्ये बापाचे नाव, जात, गावाचे नाव आणि अपत्याच्या रकान्यात एकच शब्द होता, मुलगी.

नुसता कागद घेऊन बसले असते तर यांतली आजी कोणती हे मला कधीच ठरवता आले नसते. 1938 च्या फेब्रुवारीत जन्मलेली मुलगी 1942 च्या नागपंचमीला साडेचार वर्षांची असती, रांगत नसती. मामांना विचारले तेव्हा ते म्हणाले की बाईच्या आधी एक बहीण होती, ती लहानपणीच देवीने गेली, तिचे नाव त्यांनाही माहीत नाही. नोव्हेंबर 1941 ची मुलगी ती माझी आजी. त्या ओळीच्या नकलेवर शिक्का आणि सही घेऊन मी बाहेर आले आणि तहसीलच्या आवारातल्या बाकावर बराच वेळ बसून राहिले. फिकट निळ्या शाईने, घाईत लिहिलेला तो शब्द मी पुन्हा पुन्हा वाचत होते. ती गेली तेव्हा एक्याऐंशी वर्षांची होती.

आता जे सांगायचे आहे ते लिहावे की नाही यावर आमच्या घरात मतभेद झाले होते, आणि सर्वांची संमती मिळाल्यावरच मी ते लिहीत आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे मातीचा करा आणि केळी (मातीची घागर) पाण्याने भरून पूर्वजांना पाणी देतात, पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरड्या असा स्वयंपाक होतो, आणि पानावरचा घास पितरांसाठी काढून ठेवतात. आजी त्या दिवशी सगळे झाल्यावर पळसाच्या पानांचे दोन अगदी लहान द्रोण करून त्यांत दूध आणि पोळीचा चुरा घालून आडाजवळच्या उंबराखाली ठेवून येत असे. आम्ही विचारले की म्हणे, पाखरांसाठी. आम्हाला ते खरेच वाटे, पाखरे तिथे येतही असत.

सप्टेंबरमध्ये, पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, बुढी मायने मला सांगितले की मोठ्या बाबांच्या आधी आजीला दोन मुले झाली होती. पहिला मुलगा सव्वा महिन्यात गेला. दुसरी मुलगी चार महिन्यांची होऊन हागवणीने गेली, पावसाळ्याचे दिवस होते, नाल्याला पूर होता आणि तिवस्याला डॉक्टरकडे नेण्यासाठी बैलबंडी पलीकडे निघू शकली नाही. दोन्ही वेळा आजीच्या जवळ बुढी माय होती. "ते द्रोण पाखराईचे नोहे वो," ती म्हणाली, "ते तिच्या लेकराईचे."

मोठ्या बाबांना हे मी सांगितले तेव्हा ते साठीतले गृहस्थ नव्हते, एखाद्या लहान मुलासारखे दिसत होते. आपण थोरले, असे ते आयुष्यभर समजत आले होते. थोरलेपणाच्या जबाबदाऱ्या त्यांनी घेतल्या, बहिणीचे लग्न केले, धाकट्यांना शिकवले. पहिल्यांदा त्यांनी हे लिहायला साफ नकार दिला, आईने जे झाकून ठेवले ते आपण कोण उघडे करणारे, असे ते म्हणाले, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. आत्याचे मत उलट होते. तिचे म्हणणे असे की आईने ते झाकले नव्हते, दर वर्षी अंगणातून सगळ्यांच्या देखत नेऊन ठेवले होते, आपणच विचारले नाही. दोन महिने हा विषय घरात तसाच राहिला. दिवाळीत मोठे बाबा स्वतः बुढी मायकडे गेले, तासभर बसले, आणि परत येऊन मला एवढेच म्हणाले, "लिही."

2024 च्या जानेवारीत वर्षश्राद्धाला आम्ही छत्तीस पानांची एक वही छापून घेतली, फक्त घरच्यांसाठी आणि सोयऱ्यांसाठी, साठ प्रती. तिच्यात ओव्या आहेत, कोतवाल बुकातल्या नोंदीचे छायाचित्र आहे, सातबारा आहे, आणि भावंडांनी सांगितलेले प्रत्येकाचे वेगळे, एकमेकांशी न जुळणारे प्रसंगही जसेच्या तसे आहेत, कारण ते जुळवून एकसारखे करणे मला योग्य वाटले नाही. काकांना आठवते की आईने त्यांना कधीच मारले नाही, बाबांना आठवते की मारले. दोन्ही छापले आहे. मुखपृष्ठावर दोन्ही नावे आहेत, पंचफुला आधी.

छापल्यानंतरही एक गोष्ट कळली, ती वहीत नाही म्हणून येथे लिहिते. दर कार्तिकात आजी कौंडण्यपूरच्या यात्रेला जात असे. ते रुक्मिणीचे माहेर, तिथून दर आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते, तेव्हा तिचे तिथे जाणे आम्हाला कधी वेगळे वाटले नव्हते. वही वाचून झाल्यावर मामांनी फोन केला आणि विचारले की बाई तिथे नदीवर गेली की काय करायची हे तुम्ही का लिहिले नाही. धरणानंतर एकदा ते तिच्याबरोबर गेले होते. देवळात जाण्याआधी ती घाट उतरून वर्धेत गुडघाभर पाण्यात गेली, ओंजळभर पाणी तोंडाला लावले आणि भावाला म्हणाली, "घे, आपल्या आंगणातून आलं." धरणातून सुटणारे पाणी खाली कौंडण्यपूरलाच येते.

मे महिन्यातल्या आखाजीला मी गावी होते. मोठ्या बाबांनी केळी भरली आणि नाव घेण्याच्या वेळी ते अडखळले, कारण पूर्वजांच्या नावाने पाणी सोडताना सासरचेच नाव घेण्याची रीत आहे. त्यांनी आधी सुमित्रा म्हटले, मग थांबून पंचफुला म्हटले, आणि दोन्ही वेळा पाणी सोडले. आत्याने पळसाची पाने आणली होती. बुढी माय ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, तिने ती पाने मागून घेतली आणि थरथरत्या हाताने एक एक काडी टोचत दोन लहान द्रोण करून मोठ्या बाबांच्या हातात दिले. ते उंबराकडे घेऊन गेले. वाकून ठेवताना एक द्रोण कलंडला, थोडे दूध मातीत गेले, तेव्हा त्यांनी आत्याला हाक मारून घरातून आणखी दूध आणायला सांगितले.